डिरेक्टरीतलं सोलापूर : प्रकल्प नोंदी

16 नोव्हेंबर 2023, सोलापूर

भाऊबीज काल झाली. परतायला अजून दोन दिवस आहेत म्हणून आईच्या मागे लागून माळा आवरायला घेतला. तांब्याच्या घंगाळामागे, जुन्या चादरीत गाठ मारून ठेवलेल्या चार टेलिफोन डिरेक्टऱ्या सापडल्या. बाबा सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. नवी डिरेक्टरी आली की पेढीवरची जुनी ते घरी आणत. आमच्याकडे फोन आला 1991 साली, पण डिरेक्टरी त्याच्या कितीतरी आधीपासून घरात होती. लहानपणी मी तिच्यावर बसून जेवलेली आहे, पाटासारखी.

रद्दीवाल्याने किलोच्या भावाने मागितल्या. दिल्या नाहीत.

संध्याकाळी चारही उघडून बसले आणि रात्रीचं जेवण विसरले. आपलं गाव असं नाव, पत्ता आणि आकडे एवढ्यातच लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं. यावर नीट काम करायचं असं ठरवलंय. खंडांना नावं दिली : अ, आ, इ, ई. अ सगळ्यात जुना, त्याचं मुखपृष्ठ आणि पहिली पानं गेलेली. ई मध्ये सहा आकडी नंबर आहेत, म्हणजे नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध.

18 नोव्हेंबर, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये

खंड 'अ'चं वर्ष काढायचं आहे. साल कुठेच छापलेलं नाही. पुरावे आतूनच गोळा करावे लागतील. पिशवीत तोच घेऊन निघालेय, वर्तमानपत्रात गुंडाळून.

आतापर्यंत हाती लागलेलं : सोलापूर 'महानगरपालिका' अशी नोंद आहे. महानगरपालिका 1964 मध्ये झाली, म्हणजे खंड त्यानंतरचा. जाहिराती डाक-तार खात्याच्या आहेत. डाक आणि दूरसंचार ही खाती 1985 मध्ये वेगळी झाली, म्हणजे त्याआधीचा. मधली वीस वर्षं उरतात. फार मोठा पट्टा आहे.

कुर्डुवाडी गेली. भिगवणपर्यंत एक तरी धागा सापडला पाहिजे.

18 नोव्हेंबर, रात्री, पुणे

सापडला! एका सरकी-पेंडीच्या व्यापाऱ्याच्या जाहिरातीत शाखेचा पत्ता आहे : विजापूर, म्हैसूर राज्य. म्हैसूरचं कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973 ला. आणि ट्रंक कॉलच्या दरांच्या पानावर मद्रास राज्य नाही, तामिळनाडू छापलंय. ते नाव आलं जानेवारी 1969 मध्ये. शिवाय सगळ्या खंडात एकाही पत्त्याला पिनकोड नाही, नुसतं 'सोलापूर-2' वगैरे. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाले. जाहिरातदार जुना मजकूर बदलत नाहीत हे धरून थोडी सूट ठेवते. तरी 1969 ते 1973 एवढ्या अंतरात खंड 'अ' बसला.

शहराचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा यात जुनंच आहे, 'एस'नंतर 'एच' असलेलं. 'ई' मध्ये तो 'एच' गेलाय.

2 डिसेंबर, पुणे

कामाची पद्धत. पान मोबाइलने स्कॅन करायचं, ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) चालवायचं, एक्सेलमध्ये नाव, व्यवसाय, पेठ असे रकाने पाडायचे. फोन नंबरांचा रकाना ठेवायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. घरच्या पत्त्यातूनही फक्त पेठ घ्यायची. माणसं हयात आहेत, त्यांची मुलंबाळं त्याच घरात राहतात. माझ्या अभ्यासाला शेजार कळला की पुरे.

ओसीआरने दाणादाण उडवली. एका पानावर तीन रकाने, बारीक खिळे, कागद पिवळा पडलेला. मशीन डाव्या रकान्यातल्या डॉक्टरला उजव्या रकान्यातला कात्याचा व्यापारी चिकटवतं. खंड 'अ' हातानेच टाइप करावा लागणार. सोलापूरचा विभाग तसा लहान आहे, जमेल.

3 डिसेंबर

आज 'अ'ची बरीच पानं टाइप केली. वाचता वाचता लक्षात येतं की यात घरं जवळपास नाहीतच. पेढ्या आहेत, अडत दुकानं, गिरण्या, सरकारी कचेऱ्या, दवाखाने, वकील, सूत व्यापारी, तंबाखू व्यापारी, विडी कारखान्यांच्या शाखा. माणसाचं नाव आलंच तर त्याच्यापुढे काम लिहिलेलं. फोन तेव्हा धंद्याचं हत्यार होता, वजनकाट्यासारखा. एखाद्याच्या दुकानाचा आणि घराचा असे दोन्ही नंबर असले तर ते घर नुसत्या पत्त्यावरून ओळखू येतं.

गिरण्यांच्या नोंदी मात्र एका ओळीत मावत नाहीत. गिरणीच्या नावाखाली आत सरकवलेल्या ओळी : व्यवस्थापक, ऑफिस, विव्हिंग खातं, गेट, दवाखाना, बंगला. फोनच्या त्या उतरंडीतून गिरणीच्या आतला सगळा कारभार दिसतो. कोणाला स्वतंत्र तार आणि कोणाला नाही, यात पदांची मांडणी आली. साच्यावर उभं राहणाऱ्याचं नाव अर्थातच कुठे नाही.

आणि जुनी मिल? तिची गिरणी म्हणून नोंद मी शोधत राहिले. 1877 ची गिरणी, मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी काढलेली. 1949 मध्ये ती बंद पडली तेव्हा 1950 च्या जानेवारीत केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून कारभार हातात घेतला. भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ते निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावे लागतात. साठच्या दशकात ती कायमची बंद झाली. 'अ' मध्ये ती नावांच्या रकान्यात नाहीच. पण 'इ' आणि 'ई' मध्ये ती पुन्हा भेटते, पत्त्यांच्या रकान्यात : 'जुनी मिल कंपाउंड'. गिरणी गेली, पण तिच्या नावावर लोकांची टपालं येत राहिली. मी स्वतः लहानपणी जुन्या मिलकडे जायचं म्हणत होते, तिथे कधीकाळी सूत निघत होतं हे माहीत नसताना.

17 डिसेंबर

आज एक मोठी चूक हाती लागली. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

आडनावांची आद्याक्षरं मोजत होते. 'अ' मध्ये इंग्रजी 'डब्ल्यू'खाली काही विणकर घराणी आहेत, 'ई' मध्ये ती नाहीतच. उलट 'व्ही'खाली नवी नावं वाढलेली. गेल्या आठवड्यात मी तावातावाने टिपण लिहिलं होतं की एक पिढी गेली आणि दुसरी आली. आज पेठ जुळवून पाहिली तर तीच घराणी. वड्डेपल्ली एकदा 'डब्ल्यू'ने, एकदा 'व्ही'ने. येमूल इंग्रजी 'वाय'खालीही आणि इंग्रजी 'ई'खालीही, एकाच खंडात, बहुधा एकाच घरातले.

तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांची ही नावं. शाळेत मास्तरांनी कानाला जशी लागली तशी मराठीत लिहिली. पुढे फोनच्या अर्जावर ज्याने भरला त्याने जमेल तसं इंग्रजी केलं. साखर पेठेत आमच्या शेजारी तेलुगू बोलणारी घरंच जास्त होती, आईला अजून तेलुगू उत्तम कळतं, आणि तरीही ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही याचं वाईट वाटलं.

यापुढे आद्याक्षरांवरून काहीही काढायचं नाही.

30 डिसेंबर, सोलापूर

वर्षअखेरची रजा. 'आ' आणि 'इ' मधले यंत्रमाग कारखाने आता शेजारी शेजारी लावले आहेत. 'आ' पासून 'टेक्स्टाईल', 'इंडस्ट्रीज', 'चादर कारखाना' अशा नावांची रांग लागते. 'इ' मध्ये त्यात 'टॉवेल' आणि 'एक्स्पोर्ट' येतात. भवानी पेठ, साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत. गिरणीच्या आत सरकवलेल्या ओळी कमी होत जातात आणि ही एकेका ओळीची नावं वाढत जातात. गिरण्यांचं सोलापूर यंत्रमागांचं सोलापूर झालं हे आम्ही सगळे बोलतो. कागदावर ते असं रकान्याच्या आकारातून दिसतं हे पाहून अंगावर काटा आला.

पण मोजणी इथेही फसवतेय अशी शंका आहे. आईच्या ओळखीचे एक निवृत्त लाइनमन काका आहेत. उद्या त्यांच्याकडे जाते.

31 डिसेंबर

काकांकडे तीन तास. त्यांनी आधी विचारलं, "काय शोधायलाव ताई तुम्ही यात?" मग चष्मा लावून 'इ' मांडीवर घेतला आणि बोट फिरवत वाचू लागले. नावं वाचत नव्हते ते, रस्ते वाचत होते. "हा डीपी अमक्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर. हा खांब पडला होता, पावसात."

दोन गोष्टी त्यांच्याकडून कळल्या, आणि दोन्हींनी माझा नकाशा बदलला.

पहिली. मी 'पाच टेक्स्टाईल' म्हणून मोजलेल्या पाच नोंदी त्यांनी एकाच शेडमध्ये दाखवल्या. वडिलांचा एक कारखाना, मुलं मोठी झाली तशी प्रत्येकाच्या नावाने वेगळी फर्म. माग तेच, आवाज तोच. दुसऱ्या बाजूला, पंधरा-वीस घरांत दोन-दोन माग चालत आणि त्या सगळ्यांचा मिळून एक फोन, सूत देणाऱ्या मालकाचा.

दुसरी जास्त महत्त्वाची आहे. माझ्या नकाशावर पूर्वेकडच्या काही वस्त्या कोऱ्या दिसतात. मी त्यापुढे 'गरिबी' लिहून मोकळी झाले होते. काका म्हणाले, पैसा असलेले लोकही तिथे होते, पण केबलमध्ये पेअर, म्हणजे तारांची मोकळी जोडी, नव्हती. एक्स्चेंजमधून मोठी केबल निघते, कॅबिनेटमध्ये येते, तिथून खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये. एका डीपीत साधारण दहा पेअर, म्हणजे दहा फोन. अकरावा अर्ज आला की 'टीएनएफ' शेरा. टेक्निकली नॉट फिजिबल. पुढची केबल पडेपर्यंत तो माणूस डिरेक्टरीत येऊच शकत नाही, मग त्याच्याकडे ओवायटीची ('ओन युवर टेलिफोन', जास्त पैसे भरून फोन लवकर मिळवायची योजना) अनामत भरायला पैसे असोत नाहीतर नसोत.

म्हणजे कोऱ्या जागेत गरिबीही आहे आणि केबलही, आणि डिरेक्टरी या दोन्हीतला फरक सांगत नाही.

आकडे काढण्याचा नाद आज सोडला. पुढे पान पानाशेजारी ठेवून वाचणार, आणि प्रत्येक खंडासाठी एक तरी माणूस गाठणार ज्याने ते गाव पायी पाहिलंय.

14 जानेवारी 2024, सोलापूर

गड्ड्याची गर्दी. सिद्धेश्वराच्या यात्रेला आले, सोबत काम.

'ई' मधले पत्ते. जुन्या खंडांत घर क्रमांक आणि पेठ, बस्स. इथे 'प्लॉट नंबर', 'सोसायटी', 'अपार्टमेंट', 'बंगला'. विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर. जुनी पेढी नव्या पेठेत किंवा मंगळवार पेठेत तशीच आणि मालकाचं घर होटगी रोडला. दुकानावरच राहायची सवय या एका पिढीत सुटली. 'अ' मधला व्यापारी वरच्या मजल्यावर झोपत होता.

'ई' मध्ये आणखी एक नवं नाव पानोपानी आहे : एसटीडी बूथ. किराणा, झेरॉक्स, पानपट्टी, जिथे पाहावं तिथे. काही बूथ दिव्यांग व्यक्तींना दिलेले. पिवळ्या पाटीचं ते लाकडी खोकं, आत पंखा नसलेलं, आणि समोर लाल आकड्यांचं मीटर. रात्री उशिरा दर पाव व्हायचे तेव्हा बाहेर रांग लागायची. काकांच्या कोऱ्या वस्त्यांत सगळ्यात आधी पोचला तो हा बूथ.

15 जानेवारी

'ई' मध्ये बाबांचं नाव सापडलं. 'इ' मध्ये ते असणार हे माहीत होतं. 'ई' मध्ये असेल असं वाटलं नव्हतं, कारण हा खंड येईपर्यंत बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "बदलायचा फॉर्म आणला होता की तुझ्या काकांनी. मीच भरला नाही. त्यांच्या नावाचं बिल येत होतं, येऊ दे म्हटलं."

ते ऐकल्यावर मी दोन्ही खंडांतल्या 'श्रीमती' पुन्हा पाहिल्या. फार थोड्या आहेत. डॉक्टर, मुख्याध्यापिका, एखादी पेढी चालवणारी. घरातल्या फोनवर दिवसभर बोलणारी, निरोप घेणारी, बिल भरायला रांगेत उभी राहणारी बाई रकान्यात येत नाही. आणि गेलेल्या माणसाचं नाव तिच्यामुळे तिथे टिकतं. या छापील नावांतली किती माणसं छापलं तेव्हा हयात होती, हे कोणत्याही मोजणीने कळणार नाही.

28 जानेवारी, पुणे

'ई'च्या मागच्या कोऱ्या पानांचे फोटो आज मोठे करून पाहिले. छापील मजकूर संपल्यावर दोन पानं आईच्या अक्षरात भरलेली आहेत, शिसपेन्सिलीने. इतके दिवस मी ती 'इतर' म्हणून बाजूला ठेवली होती. ही पानं प्रकल्पात आधी यायला हवी होती.

गल्लीतल्या ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांची ही यादी. लग्नपत्रिकांवर त्यांच्या नावापुढे आमचा नंबर छापलेला असायचा, कंसात 'पीपी'. आईने कोणाचा फोन कुठून येतो ते लिहून ठेवलंय :

अक्का – भिवंडी, मुलगा – रवि. सकाळी
वरच्या मजल्यावरचे – सुरत – महिन्याला
कोपऱ्यावरची विडीची ब्रँच – माल आला का विचारतात, सांगायचं नाही
टेलर – पुणे, भाऊ – घाईचं असेल तरच बोलवा

भिवंडी, सुरत, पुणे. माग बंद पडले किंवा मजुरी परवडेना तसे सोलापूरचे विणकर भिवंडी-सुरतेच्या यंत्रमागांवर गेले, हे मी पुस्तकात वाचलंय. इथे ते रविवार सकाळच्या वेळेसकट लिहिलेलं आहे. छापील खंडात माणूस कुठे बसलाय तेवढं कळतं. तो कोणाच्या आवाजाची वाट पाहतोय ते या दोन पानांत आहे.

मला ती धाव आठवते. फोन वाजला, पलीकडून "अक्काला बोलवा" आलं की रिसीव्हर आडवा ठेवायचा आणि पळायचं. अक्का विड्यांचं सूप बाजूला सारून, तंबाखूचे हात पदराला पुसत यायच्या. पलीकडे मिनिटं पळत असायची म्हणून चप्पल घालायला थांबायच्या नाहीत.

11 फेब्रुवारी, सोलापूर

अक्कांना भेटायला कुंभारीला गेले. आता त्या गोदूताई परुळेकर नगरात राहतात. महिला विडी कामगारांसाठी बांधलेली दहा हजार घरं, सप्टेंबर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ताब्यात दिलेली. रस्त्यामागून रस्ता, एकसारखी घरं, दारात तुळस, ओट्यावर विड्या वळणाऱ्या बाया. सोलापूरच्या भोवतालची एवढी मोठी वस्ती, आणि माझ्या चारही खंडांत तिच्या जागी शेत आहे.

पाचवा खंड मिळाला असता तरी फार काही दिसलं नसतं असं वाटतं. देशातला पहिला मोबाइल कॉल 1995 चा. 2003 मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि ज्यांच्याकडे कधी तार पोचली नव्हती त्यांच्या हातात फोन आला. अक्कांच्या घरात लँडलाइन कधीच आली नाही. त्या आमच्या फोनवरून थेट स्वतःच्या मोबाइलवर गेल्या. मधला टप्पा, म्हणजे आपलं नाव छापलेलं बघणं, त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

मी त्यांना विचारलं, यादीतली तुमची ओळ माझ्या कामात वापरू का. नाव घालणार नाही, 'अक्का' एवढंच. त्या म्हणाल्या, "आधी दाखव की काय लिहिलंय ताईने." फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. भिवंडीची ओळ वाचून दाखवली. खाली अजून एक ओळ होती, पण फ्लॅशच्या उजेडात शिसं चमकल्यामुळे काही लागत नव्हतं. अक्का म्हणाल्या, नीट वाचून फोन कर.

25 फेब्रुवारी, पुणे

नकाशाची दुसरी प्रत तयार. कोऱ्या वस्त्यांवर 'गरिबी' खोडून काकांनी सांगितलेले डीपी टाकले, जिथे त्यांची खात्री होती तिथेच. कुंभारी वेगळ्या रंगात घातली. 'सूत व्यापारी' या एकाच धंद्याचा चार खंडांतला प्रवास वेगळ्या पानावर लिहितेय, बाबांच्या पेढीपासून सुरुवात करून. तिथे मला कोणाला विचारावं लागत नाही. सोलापूरच्या सार्वजनिक वाचनालयाला स्कॅनचा संच द्यायचा विचार आहे, घरचे पत्ते झाकून.

10 मार्च, सोलापूर

आज सकाळी सात वाजता 'ई' खिडकीशी नेला. फ्लॅश बंद. पान उजेडाला तिरपं धरलं की पेन्सिलीने कागदावर पडलेला दाब सावलीसारखा उठतो, शिसं पुसलं असलं तरी. चार-पाच फोटो वाया गेले. मग कोन साधला.

अक्कांच्या भिवंडीच्या ओळीखाली आईने लिहिलंय :

रात्री 11 – मुलगी झाली – दोघी बऱ्या – निरोप दिला ✓

आईला विचारलं तर तिला ती रात्र आठवत होती. थंडी होती आणि अक्कांचं दार बराच वेळ वाजवावं लागलं होतं, म्हणाली.

नऊ वाजता अक्कांना फोन लावला.